दमट घरातला दिवा

वासंतीबाईंची नात श्रिया पाच वर्षांची होऊन शाळेत जायला लागली, ते २०२३ साल. त्या जुलैत, तिकडच्या ऐन पावसाळी हिवाळ्यात, बॉटनी डाउन्स या उपनगरातल्या एका हॉलमध्ये दीडशे माणसं ओल्या कोटांनिशी दाटीवाटीने बसली होती. समोर प्राणनाथ महाराजांचे दिवे. तेल नाही, वात नाही, वायर नाही, तरी लख्ख!

"हा तुमचा प्राण!" महाराज गरजले. "मंदावला, की समजा औषधांचं विष चढलं!"

वासंतीबाईंनी नवऱ्यासाठी, नीलकंठरावांसाठी, दिवा घेतला. शेजारच्या हरीशरावांनीही घेतला. दर गुरुवारी महाराजांचा माणूस दिव्याच्या बुडातली बंद डबी बदलून जायचा. तिच्यात म्हणे अंगारा.

तिसऱ्याच दिवशी खोलीतला दिवा मिणमिणू लागला. वासंतीबाई धावत नवऱ्याकडे गेल्या.

"अहो, बरं वाटतंय ना?"

"तू विचारेपर्यंत वाटत होतं," नीलकंठराव म्हणाले. पण हृदयाच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या, सुनेला न सांगता.

हरीशरावांचा फोन आला. "माझा बघा, नुसता झगझगतोय! आता इन्शुलिन कशाला? सोडलं मी."

आठवड्यात नीलकंठरावांना जिना चढताना धाप लागू लागली. वासंतीबाई रात्ररात्र त्यांचा श्वास ऐकत पडून राहायच्या. सर्दीवर वाफारा द्यायला त्यांनी पातेलं दिव्याजवळ ठेवलं, तर दिवा उजळला!

"महाराज पावले!"

"आजी, इट्स जस्ट स्टीम!" श्रियाने पातेलं ओढलं. थोड्या वेळाने दिवा मंद. परत सरकवलं, पुन्हा तेज. "मम्मा, कम अँड सी!"

सून उर्मिला हायड्रोजनच्या गाड्यांवर काम करणारी इंजिनिअर. तिने डबीला हात घातला.

"नको गं! त्यांचा जीव आहे त्यात!"

डबी निघाली. दिवा विझला. वासंतीबाईंनी नवऱ्याचं मनगट गच्च धरलं.

"अगं, सोड. हात दुखतोय," नीलकंठराव म्हणाले.

"आई, डबीत हायड्रोजन आहे," उर्मिला म्हणाली. "तो आणि हवेतला ऑक्सिजन या पातळ पडद्याच्या दोन बाजूंना. पडदा ओलसर असला तरच वीज नीट तयार होते आणि दिवा उजळतो. आपला खोली गरम करणारा हीट पंप दिवसभर चालू, हवा कोरडी, पडदा सुकतो. हॉलमध्ये ओले कोट, दीडशे जणांचे श्वास, म्हणून तिथे लख्ख. बाबांच्या हृदयाशी याचा काय संबंध? गोळ्या कुठे आहेत?"

वासंतीबाईंना हरीशरावांचं घर आठवलं. भिंतींना बुरशी, सकाळी काचांवरून ओघळणारं पाणी. तिथला दिवा झगझगणारच, आणि त्यांनी तर इन्शुलिन सोडलेलं! त्या घरातल्या जँडल्स, रबरी चपला, घालून तशाच पळत सुटल्या.

औषध डॉक्टरांना विचारून घ्यावं, त्यांनाच विचारून सोडावं. आणि चमत्कार दिसला, तर आधी डबी काढून बघावी.

नीलकंठरावांच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. ते हिंडतेफिरते आहेत. हरीशराव शुक्रवारी, ४ ऑगस्ट २०२३ रोजी, वासंतीबाई दारात पोचण्याआधीच गेले. त्यांचा दिवा लख्ख जळत होता.