आत काहीच फिरत नाही

...मोहरीएवढा हिरवा दिवा, आणि तोसुद्धा न मिचकावता रोखून बघणारा – जणू तीच तपासणीला आली आहे. तिनं सवयीनं सर्व्हर रूममधल्या नव्या कपाटाला तळहात टेकवला. पंख्यांचा वारा तेवढा बोटांना लागला; बाकी ना थरथर, ना घरघर. समोरच्या जुन्या कपाटांमध्ये हार्ड डिस्क दिवसरात्र फिरत असतात, आणि एखादी कुरकुरायला लागली की हिच्या हाताला आधी कळतं. ऑफिसात म्हणूनच तिला वैद्यबाई म्हणतात. पण नव्या कपाटातल्या या फ्लॅशची, नुसत्या चिपांची, नाडी बघायची कुठे? परवा कपाट बसवल्यावर तिनं घाईघाईनं कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला होता, “अहो, डिस्क फिरतच नाहीयेत!” – आणि पलीकडून अतिशय आदरानं, “मॅडम, त्यात फिरायला काही नाहीच.” हसं झालं, पार कँटीनपर्यंत पोचलं. मला ठाऊक नव्हतं थोडंच! डोक्याला ठाऊक होतं, हाताला कुणी सांगितलंच नव्हतं...

नवऱ्याला घोरण्यावरचं यंत्र मिळालं तेव्हाही असंच. रविवारी दुपारी तो नळी लावून शांत झोपला आणि हिच्या जिवाचं पाणी पाणी. गदागदा हलवून उठवला.

“अगं, जिवंत आहे मी!”

“मग आवाज तरी करा!”

ती एकटीच हसली. पण जेवणानंतरची मीटिंग आठवली आणि हसू आवरलं. पुढच्या वर्षी जुन्या डिस्क ठेवायच्या की सगळंच फ्लॅशवर न्यायचं, ते साहेब तिच्या शब्दावर ठरवणार होते. फ्लॅश वेगवान, वीज कमी, जागा कमी – कबूल. पण माहितीचा जो साठा वर्षानुवर्षं कुणी उघडून बघत नाही, त्याला एवढा महागडा पाट कशाला? त्याला डिस्कच परवडते. तिनं मांडलेले खर्चाचे आकडे हेच सांगत होते... की तिनं ते तसे बोलते केले होते? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं – असं तर होत नाही ना? डिस्क गेल्या तर वैद्यबाईही गेल्या, ही भीती आकड्यांच्या मागे लपून बसली असली तर? ते तिला काल रात्रीपासून खात होतं.

“बोला वैद्यबाई,” मीटिंगमध्ये साहेब म्हणाले.

“रोजचं सगळं काम फ्लॅशवर न्या. जुना साठा डिस्कवर राहू दे, निदान अजून काही वर्षं.”

“हे हिशेबानं म्हणताय की मायेनं?”

सगळे हसले. उत्तर तयारच होतं – हिशेबानं, साहेब. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

“खरं सांगू? मलाच कळत नाही. माझे आकडे दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या.”

साहेबांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत तिचा शब्द कुणी तपासला नव्हता, तिनं तपासू दिला नव्हता. आता कुणीतरी खोदून बघेल. चूक निघेल, किंवा निघणारही नाही... डिस्क राहतील, जातील. जीव धास्तावायला हवा होता. पण बाई चक्क खुशीत होत्या – काय निघतंय, याची एवढी उत्सुकता मला आजवर कधी वाटलीच नव्हती.