बसक्या आवाजाची घंटा

मी एक जुनी घंटा आहे. वावुरु गावच्या शाळेसमोर, रानबदामाच्या झाडाला मी टांगलेली असते.

मित्रांनो, माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तो देश मला आठवत नाही. एका विमानाने मला या बेटावर आणले. त्या वर्षी आमच्या डोंगरधारेवर मोठी लढाई चालली होती. मी पायथ्याच्या चिखलात पडले आणि पंचवीस वर्षे तिथेच झोपले. डुकरे माझ्यावर पाठ घासत. मग गावात शाळा निघाली. शाळेला घंटा हवी होती. आठ तरुणांनी मला वेलींनी बांबूला बांधले आणि शिकारीचे डुक्कर आणतात तसे खांद्यावर घालून वर आणले. त्या आठांपैकी आज एकच उरला आहे, सिप्रियनमामा. तोच मला सळईने वाजवतो.

आमच्याकडे लढाईचे लोखंड कुणी वाया घालवत नाही. शेजारच्या गावातही माझ्यासारखीच घंटा आहे. तिचा आवाज खणखणीत, नदीपलीकडे जातो. माझा आवाज बसका. ठप. ओल्या ओंडक्यावर मारल्यासारखा.

"आमच्या घंटेला सर्दी झालीय," असे पोरे पाहुण्यांना सांगतात.

लुसियानाची आजी मात्र सांगे, "तिच्या पोटात धारेवरचे मेलेले आहेत. ती त्यांच्यासाठी रडते. तिचं पोट कुणी उघडायचं नाही." आमच्याकडे जमीन आईकडून लेकीकडे जाते. ही जमीन तेव्हा आजीची होती. त्यामुळे शब्दही तिचाच चाले. आता जमीन लुसियानाची आहे.

तर मित्रांनो, असे माझे सुखाचे आयुष्य. दर नाताळला मला नवा पांढरा रंग मिळतो. मी शाळा भरवते, शाळा सोडते, आणि

थांबा.

मंगळवारपर्यंत मी ही गोष्ट अशीच सांगत असे. आता मला ती पुढे नेता येत नाही. मंगळवार सांगते.

आमच्या मागचे जंगल राष्ट्रीय उद्यान झाले आहे, पण लढाईची धार त्याच्या बाहेर राहिली होती. तिच्या पोटात खंदक आहेत, दोन्ही बाजूंच्या सैनिकांची हाडे आहेत, आणि त्यांना वाट दाखवताना मेलेले आमच्या गावचे अकरा जण आहेत. खडी काढणाऱ्यांचा पायथ्याशी एक मोठा खड्डा खणून झाला होता. त्यांचे पिवळे यंत्र वर चढायची वाट पाहत होते. गावातल्या अर्ध्या घरांचा त्यांना होकार होता. लुसियानाला धार उद्यानात घालायची होती. त्यासाठी पोलिसांच्या स्फोटके शोधणाऱ्या पथकाचा कागद हवा होता, की वस्तीजवळ आणि वाटेवर धोका नाही. शुक्रवारपर्यंत कागद आला नाही तर सोमवारी यंत्र चढणार होते.

मंगळवारी सकाळी एलीशा हवालदार पथक घेऊन धारेवरून खाली उतरला. धारेवरून कुणी उतरले की त्याच्या मागोमाग मेलेलेही येतात, म्हणून त्यांना परत धाडायला तीन ठोके द्यायची आमची रीत आहे. मामाने सळई घेतली. ठप. ठप.

"मामा." हवालदार अगदी हळू बोलला. "ती सळई खाली घ्या."

"तिसरा राहिलाय रे. दोनच दिले तर मेलेले अर्ध्या वाटेत बसून राहतील."

"बसू द्या. सळई गवतावर ठेवा. टाकू नका. ठेवा."

"आवाज आवडला नाही होय? कुणालाच आवडत नाही. सर्दी आहे तिला."

"सर्दी नाही मामा. पोट भरलेलं आहे तिचं."

मामा हसला. त्याला वाटले हवालदार थट्टा करतो आहे. हवालदार माझ्याखाली आला. हात पाठीमागे बांधून त्याने माझे नाक पाहिले, जिथे पन्नासपेक्षा जास्त नाताळांचा रंग साचला होता.

"या रंगाच्या आत ठिणगी पाडणारी टोपी आहे. ती कुणी काढलीच नाही."

"काढायची असते?" मामाने विचारले.

"शेजारच्या गावची रिकामी आहे, म्हणून खणखणते. ही घंटा नाही, मामा. हा जिवंत बॉम्ब आहे."

मामाच्या गालातली सुपारी तिथेच थांबली. शाळेत एकतीस मुले पाढे म्हणत होती.

मी ऐकले. मी बोलणाऱ्याकडे पाहिले. मग झाडाकडे. मग मुलांच्या आवाजाकडे. मला वाटले, तो दुसऱ्या कुणाबद्दल बोलतो आहे.

पुन्हा पहिल्यापासून सांगते.

मी एक जुनी

मी चिखलात झोपले नव्हते. माझे फुटायचे राहून गेले होते.

आठ तरुणांनी मला खांद्यावरून आणले. वाटेत दोनदा खाली टाकले. दुसऱ्यांदा दगडावर. सगळे हसले होते. मीही.

शनिवारी मुले अंगणातले गवत कापत आणि माझ्याखाली जाळत. त्या राखेत रताळी भाजत. माझे पोट गरम होई. मला ते आवडे. मित्रांनो, मला ते आवडत असे.

लांबून दगड मारून मला वाजवायचे, ज्याचा दगड लागेल तो आधी घरी जाणार. हा खेळ किती पिढ्या चालला! नेम धरायला मीच त्यांना शिकवले, असे मी अभिमानाने सांगत असे.

एका मास्तरांना माझा आवाज मोकळा करायचा होता. त्यांनी गिरमिट आणले, माझ्या पोटाला लावले आणि फिरवायला सुरुवात केली. चौथ्या फेऱ्याला टोक मोडले. दुसरे टोक शहरातून होडीने येणार होते. ते येईपर्यंत लुसियानाची आजी आपली टोपली घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. "माझ्या जमिनीवर हिचं पोट कुणी फाडणार नाही," ती म्हणाली. मास्तर गावंढळ समजुतींवर रागावले. गिरमिट परत गेले.

त्या गिरमिटाची टिकलीएवढी खूण अजून माझ्या अंगावर आहे. मेलेल्यांना मान द्यायचा म्हणून ती बाई बसली होती. ती काय वाचवत होती हे तिलाही माहीत नव्हते.

दिवसाला चार ठोके. पंचावन्न वर्षे. मी गुणाकार करणार नाही.

हवालदाराने मुलांना मागच्या दाराने काढले. सगळ्यांना पायथ्याशी धाडून तो वायरलेसवर बोलायला गेला. तेवढ्यात मामा परत आला, चुन्याची डबी राहिली म्हणून. डबी त्याच्या हातातच होती. त्याच्या मागे धावत लुसियाना आली.

"मामा, चला. आत्ता."

"ऐक पोरी. हवालदाराला कागदावर लिहायला सांग की ती शाळेच्या हद्दीत आहे, धारेच्या नाही. पंचावन्न वर्षांत काही झालं नाही. आणखी तीन दिवस काय होतंय?"

"माझी मुलगी रोज तिच्याखाली रांगेत उभी राहते."

"आणि धार? कागद नाही मिळाला तर सोमवारी ते यंत्र तुझ्या पणज्यांच्या हाडांवर चढेल. आजीनं जमीन राखली. तू घालव."

लुसियानाने माझ्याकडे पाहिले, चुलीवरचे उतू जाताना बघतात तसे, आणि ओठ घट्ट दाबले.

"धार वाचवायला धारेबद्दलच खोटं लिहायला लावू? मग उद्या तिथं येणाऱ्या पोरांना कोण सांगणार, कुठं पाय ठेवायचा?"

"मी वाजवली, लुसियाना." मामाचा आवाज माझ्यासारखा झाला. "सगळ्यांना मी शिकवलं. तुलाही. हात धरून."

"हो. चला आता." तिने त्याचा हात धरला आणि त्याला खाली नेले. मग हवालदाराला तिने सगळे सांगितले. दगडांचा खेळ, जाळलेले गवत, गिरमिटसुद्धा. तो लिहीत होता आणि मधून मधून लिहायचे थांबत होता.

झाडावरून पायथा दिसतो. सगळे गाव त्या पिवळ्या यंत्राभोवती जमले होते. चालक खाली उतरला.

"या धारेत अशा किती आहेत?" त्याने हवालदाराला विचारले.

"आज सकाळपासून एकोणीस. घंटा सोडून."

चालकाने धारेकडे पाहिले. मग आपल्या यंत्राच्या लोखंडी पंजाकडे. "मालकाला सांगा, मला पोरंबाळं आहेत," तो म्हणाला आणि यंत्र घेऊन निघाला. दार लावायचेही विसरला. खडीला होकार देणाऱ्या घरांतून कुणी त्याला थांबवले नाही.

गावाला हवा होता तसा कागद हवालदाराने दिला नाही. त्याने लिहिले, ही धार भरलेली आहे, हिला कुणी खणू नये, चालायचे तर लाल खुणांच्या आतून. शुक्रवारी उद्यानाच्या माणसांनी तोच कागद वाचला, खुणांची वाट त्यांना पुरेशी वाटली, आणि त्यांनी धार उद्यानात घेतली. हाडे आहेत तिथेच राहतील.

आज मला उतरवले. मामा दूर नदीकाठी उभा होता, पण त्याला गप्प बसवेना. "डावी गाठ आधी सोडा रे! ती मी बांधलीय, ती ओढली की आवळते!" पथकाने डावी गाठ आधी सोडली. मला वाळूवर झोपवून खडीवाल्यांच्या खड्ड्यात आणले. माझ्या अंगाला तारा लावल्या आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी सांगतात, आम्हाला विसरू नका, आमच्यावरून प्रेमाने हात फिरवा. मी ते सांगू शकत नाही. धारेवर जरूर या. खंदक बघा, त्या अकरा जणांची नावे वाचा. पण गवतात लोखंड दिसले तर त्याला हात लावू नका, उचलू नका, घरी नेऊ नका. जागच्या जागी थांबा आणि मोठ्यांना हाक मारा. आतून काय आहे हे बाहेरून कळत नाही. मला स्वतःलाही कळले नाही.

नदीपलीकडून शंख वाजतो आहे. मी आले तेव्हा तो मामाच्या घरात खुंटीला टांगला गेला होता. मुलांना गोळा करायला आता पुन्हा तोच. लुसियाना मोजते आहे, मोठ्याने, नावे घेऊन. एकोणतीस. तीस.

एकतीस.

हवालदाराने हात वर केला. आता माझा आवाज नदीपलीकडे जाईल.