थोंगसाय पीत न्हवता

थोंगसाय कोठार शाकारताना छपरावरनं पडला आन मांडीचं हाड मोडलं. आम्ही त्याला बोटीत घालून मेकाँग नदीच्या काठच्या तालुक्याच्या दवाखान्यात न्हेला.

तरण्या डॉक्टरनं इचारलं, "दारू पिता का?"

"न्हाई," थोंगसाय म्हणाला. त्याची बायको बुआला, तीबी म्हणाली, "न्हाई."

खोटं कुणीच बोललं न्हवतं. आमच्यात पिणारा म्हंजी वाटंत लोळणारा. थोंगसाय सकाळी घ्यायचा ती थंडीची, दुपारी घ्यायचा ती कामाची, राती घ्यायचा ती झोपंची. लग्न, मयत, पूजा, हे तर धर्माचंच. निस्तं प्यायचं म्हणून त्यानं कंदी घेतलीच न्हाई.

दोन दिसांनी त्याला दरदरून घाम सुटला, हात लटलटाया लागले. भित्ताडावरनं म्हशी उतरताना दिसाया लागल्या. "भातात शिरतील, हाकला," म्हणत बांधल्या पायानिशी उठाया लागला.

तरणा डॉक्टर म्हणाला, मलेरिया. रक्त तपासलं तर मलेरिया न्हाई. थोरला भाऊ सोमचित म्हणाला, "भुतानं धरलंय. घरी न्हेऊ." बोट ठरवूनबी आला.

तेवढ्यात मोठी डॉक्टरीण आली, विलायवन. तिनं दारूचं नावच काढलं न्हाई. बुआलाच्या शेजारी टेकली.

"मावशी, सकाळी उठल्यावर ह्यांचे हात कापतात?"

"कापत्यात की. लई वर्सं झाली."

"मग थांबतात कशानं?"

बुआलानं थोरल्या दिराकडं बघितलं. सोमचितनं डोळे वटारले. "घरातलं चव्हाट्यावर मांडू नगंस."

"भावजी, तुमचा भाऊ मराया टेकलाय," ती म्हणाली, आन डॉक्टरणीकडं वळली. "पेलाभर घेतली की थांबत्यात. त्याआदी घास उतरत न्हाई त्येंना."

"इथं रोजची ती एकदम तुटली," डॉक्टरीण म्हणाली, "म्हणून अंग असं बंड करतंय. आता बोटीत घातलंत तर वाटेतच जातील."

औषधं सुरू झाली. थोंगसाय काही दिस म्हशी हाकत ऱ्हायला, मग एका सकाळी त्यानं बायकोला नावानं हाक मारली. बुआला तोंड झाकून रडली.

कुबड्या घिऊन तो घरी आला. आमच्या रीतीपरमाणं त्याच्या मनगटाला रक्षेचे दोरे बांधायला गाव जमलं. गावच्या मुखियानं पेला पुढं केला. "घे. ही दारू न्हवं, आशीर्वाद हाय."

थोंगसायनं हात जोडले. "मी दारुडा हाय, मुखिया. नगं."

सोमचितनं तो पेला आपल्याच घशात रिचवला आन तोंड पुसत म्हणाला, "बघा दवाखान्याची करणी. आम्ही निस्ता पाय मोडलेला माणूस दिला व्हता, त्येंनी दारुडा करून परत धाडला."