सुई न दिलेला दिवस

“भिवाभाऊनी पोर ना तू?”

नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाच्या दारात डॉक्टर प्रज्ञा थबकली. सुरतेच्या त्या दवाखान्यात दिवसभर गुजराती-हिंदीच कानावर पडे. वडिलांच्या नावाने, तीही अहिराणीत, कुणी हाक मारल्याला वर्षं झाली होती. समोर चंपाबाई होत्या, सुरतेतल्याच उधन्याच्या जुन्या चाळीतल्या शेजारच्या मावशी. आईवडील मिलच्या पाळीवर गेले की प्रज्ञाची वेणी त्याच घालत. पुढे चाळ पडली, माणसं पांगली, आणि आज मावशी भेटल्या त्या व्हेंटिलेटरवरच्या नातवापायी.

बाळ दिवस भरायच्या आतच जन्मलं होतं. सकाळपासून त्याला प्राणवायू जास्त लागत होता. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग पांढरा दिसत होता.

“न्यूमोनियाच असणार, मॅडम. अँटिबायोटिक सुरू करू?” हाताखालच्या कुंदन डॉक्टरने विचारलं.

प्रज्ञाने बाळ तपासलं. ताप नव्हता, कफ पातळ होता, रक्तातही संसर्गाची खूण नव्हती. तिने एक्स-रे पुन्हा निरखला. “श्वासनळीतली नळी खोल सरकलीय. त्या भागात हवाच पोचत नाहीये.” नळी किंचित मागे घेऊन तिने ती नीट बसवली.

चंपाबाईंना राहवेना. “एक सुई तरी दे ना, माय! आपल्या चाळीतला डॉक्टर लगेच टोचायचा.”

प्रज्ञाला हसू आलं आणि गलबलूनही आलं. लहानपणी ताप आला की मावशीच तिला कडेवर घेऊन त्या डॉक्टरकडे पळायच्या. येताना रडं थांबावं म्हणून बोरं घेऊन द्यायच्या.

“मावशी, गरज नसताना अँटिबायोटिक दिलं तर जंतू चिवट होतात. उद्या खरंच लागलं तर ते लागू पडायचं नाही. मी इथेच आहे. लक्षणं बदलली तर लगेच देईन.”

मावशींनी मान डोलावली, पण चेहरा उतरलेलाच राहिला.

संध्याकाळच्या एक्स-रेत फुप्फुस मोकळं दिसलं. प्राणवायूही कमी लागू लागला. पुढे काही दिवसांनी व्हेंटिलेटर निघाला आणि बाळ घोगऱ्या आवाजात रडलं. सुनेने त्याला पहिल्यांदा छातीशी धरलं, तेव्हा चंपाबाई काचेपलीकडून डोळे पुसत होत्या.

प्रज्ञाने आईला फोन लावून कोण भेटलंय ते सांगितलं आणि फोन चंपाबाईंच्या हातात दिला.

“चंपा?” पलीकडून आई एवढंच म्हणाली.

“मीच गं,” म्हणत चंपाबाई नातवाची गोष्ट सांगू लागल्या, थेट त्या न दिलेल्या सुईपासून.