नव्या पिस्तुलाचा पहिला अभिप्राय

खोकं उघडलं तेव्हा आत बारा पिस्तुलं होती, प्रत्येक आपापल्या खाचेत दागिन्यासारखं बसवलेलं. साहेबांनी त्यातलं एक उचलून माझ्या हातात दिलं आणि वर एक छापील कागद ठेवला.

"मास्तर, आधी तुम्ही चालवून बघा. कसं वाटतं ते लिहून द्या. पहिला अभिप्राय. आज संध्याकाळपर्यंत."

"आणि वाईट वाटलं तर?"

"वाईट वाटायचं नाही," साहेब म्हणाले. "बाराच्या बारा घेऊन झालीत."

आमची कंपनी पैशाच्या गाड्यांना बंदूकधारी पहारेकरी पुरवते. त्या पहारेकऱ्यांना गोळी चालवायला मी शिकवतो, गेली सव्वीस वर्षं. पाठीमागे सगळे मला पुंगळी मास्तर म्हणतात. मला ठाऊक आहे, आणि त्यांनाही ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. गोळी उडाल्यावर पितळेचं रिकामं टोपण मागे राहतं, ती पुंगळी. शस्त्रांच्या कोठीचा नियम असा की जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या परत. एक जरी कमी पडली तरी अख्ख्या तुकडीचा सराव आठवडाभर बंद. आमचा कोठीदार नाकावर माशी बसू देत नाही, आणि त्याच्यापुढे मान खाली घालायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी शिकवायचो ते असं: रिव्हॉल्व्हरचं चक्र उघड, दांडी दाब, खाली डावा तळहात धर, सहाही पुंगळ्या तळहातात, तळहात खिशात, आणि मगच नव्या गोळ्या. पुंगळी जमिनीवर पडली की कान धरीन, असं मी पहिल्याच दिवशी सांगायचो आणि खरंच धरायचो. सव्वीस वर्षांत माझ्या मैदानावरून एकही पुंगळी हरवली नाही. या गोष्टीचा मला केवढा तोरा होता!

त्या दिवशी सरावाला एकटी माझी भाची होती. बाकीची तुकडी दुपारी यायची होती. साहेब म्हणाले होते, घरचीच आहे, तिच्यावर आधी बघा. ती मैदानावर मला सर म्हणते आणि फाटकाबाहेर मामा. तिचा मोठा भाऊसुद्धा असंच म्हणायचा. तोही माझ्याच हाताखाली तयार झाला, आणि दोन वर्षांपूर्वी गाडीवर असताना मारला गेला. भर दुपारी, बँकेच्या दारात. त्याच्या जागी कंपनीने बहिणीला घेतलं. माझ्या ताईने, म्हणजे त्यांच्या आईने, एकच अट घातली होती: पोरीच्या हातात ते जुनं रिव्हॉल्व्हर द्यायचं नाही. कारण चौकशीत ठरलं होतं की ते रिव्हॉल्व्हर ऐन वेळी अडकलं. ही बारा पिस्तुलं त्या चौकशीतूनच आली होती. दोन महिने भाचीला रिव्हॉल्व्हरवर मी तयार केलं ते केवळ सरावापुरतं. पुढच्या सोमवारी ती गाडीवर चढणार होती, ती नवं पिस्तूल घेऊनच.

मी कानांवर मफ चढवले आणि दहा मीटरच्या रेषेवर उभा राहिलो. समोर मातीचा बांध, त्याच्यापुढे प्लायवुडवर चिकटवलेला कागदी माणूस.

खरं सांगायचं तर हत्यार देखणं होतं. हातात घेतलं तर आधी खेळण्यासारखं वाटलं, कारण मूठ प्लॅस्टिकची. पण बोटं आपोआप जागेवर बसली. जुन्या रिव्हॉल्व्हरचा घोडा ओढताना निम्मी ताकद खर्ची पडायची, ह्याचा चाप एका दमात मागे आला. धक्का कमी. नळी वर उडते, पण लगेच खाली येऊन पुन्हा तिथेच थांबते. मी पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही कागदी माणसाच्या छातीत, एका बशीखाली झाकल्या जातील एवढ्या जवळ. छप्पन्नाव्या वर्षी एवढा नेम धरणारा मी कोण लागून गेलो? हत्यारच धरत होतं.

पाचवी गोळी सुटली आणि वरची स्लाइड मागे जाऊन थांबली. संपलं, असं पिस्तूल स्वतःच सांगतं. एवढ्यात माझं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे गेलं. तो पिस्तुलाखाली आला होता, तळहात वर, बोटं जरा वळवलेली, भीक मागतात तसा. त्यात काही पडणार नव्हतं. पाचही पुंगळ्या केव्हाच उजवीकडे उडून गवतात गेल्या होत्या. नवं मॅगझीन पट्ट्याला तसंच होतं, आणि ते ज्या हाताने काढायचं तो हात रिकाम्या हवेत पुंगळ्यांची वाट बघत उभा होता.

असा हात काय करतो ते मी आधी एकदा पाहिलं होतं.

भाचा गेला त्या दिवशी इस्पितळात मीच गेलो होतो. ताईला उभं राहवत नव्हतं. तिथल्या माणसाने त्याचे कपडे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, खिसे बघून घ्या, सही करा. उजव्या खिशात किल्ली आणि कंगवा. डाव्या खिशात सहा पुंगळ्या. एकही कमी नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये नव्या गोळ्या भरल्या गेल्या होत्या फक्त दोन. म्हणजे त्याच्यावर समोरून गोळ्या येत होत्या आणि माझा भाचा तळहात धरून पुंगळ्या गोळा करत होता, खिशात टाकत होता. नंतर भरायला लागला. हत्यार अडकलंबिडकलं काही नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, त्याची तर मेल्यावरही गेली नव्हती, खिशात तशीच होती. आणि ती खोड त्याची नव्हती, माझी होती.

मी त्या सहा पुंगळ्या माझ्या खिशात टाकल्या आणि किल्ली नि कंगव्याची सही केली. चौकशीत गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, रिव्हॉल्व्हर उघडून तो बराच वेळ खटपट करत होता. साहेबांनी लिहिलं, हत्यार अडकलं. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, असेल, जुनं झालं होतं. एवढंच. दोन वर्षं मी ताईच्या घरी जेवतोय आणि ती मला वाढताना त्या रिव्हॉल्व्हरला शिव्या घालते. मी मान हलवतो.

"सर, मी?" भाचीने विचारलं.

"हो. पाच गोळ्या, मॅगझीन बदल, पुन्हा पाच. मध्ये थांबायचं नाही. समोरचा माणूस अजून उभा आहे असं समज."

ती उभी राहिली. पाय बरोबर, खांदे बरोबर. पोरगी भावापेक्षा सरस आहे, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. पाच गोळ्या गेल्या, पाचही कागदावर. स्लाइड मागे थांबली. आणि तिने पिस्तूल खाली केलं, खाली बसली, आणि गवतातून पुंगळ्या वेचायला लागली. एक, दोन, तीन. दुसरं भरलेलं मॅगझीन तिच्या कमरेला होतं. कागदी माणूस तिच्या डोक्यावर बघत उभा होता.

"ऊठ!" मी एवढ्या जोरात ओरडलो की फाटकावरचा पहारेकरी बाहेर आला. "ऊठ म्हणतो ना! फेक ते!"

"सर, पुंगळ्या..."

"मेलीस तू! आत्ता, इथे, मेलीस!"

ती उठली, पण मूठ काही उघडेना. दोन महिने मीच तिला दम दिला होता. घाबरून ती पुंगळ्या आणखी घट्ट धरून उभी राहिली. मी तिच्या हातातून पिस्तूल घेतलं, रिकामं आहे हे बघितलं आणि बाकावर ठेवलं. मग मीही बाकावरच बसलो.

"मामा, बरं वाटत नाही का?" मैदानावर तिने पहिल्यांदाच मामा म्हटलं.

सोमवारी ही गाडीवर जाणार. पिस्तूल नवं असेल आणि हात मात्र मी घडवलेलाच. मी गप्प बसलो तर ताईला दुसऱ्यांदा इस्पितळातून कपडे आणून द्यायचे. बोललो तर ताई मला दारात उभं करणार नाही. या दोन्हींत निवडायला मला दोन वर्षं लागली होती, आता मिनिटभरही मिळणार नव्हतं.

मैदानावरच्या खोलीत, माझ्या कपाटात, मोजे ठेवायच्या डब्यात त्या सहा पुंगळ्या होत्या. त्या आणून मी बाकावर ठेवल्या आणि तिला सगळं सांगितलं. खिसा कुठला, किती, रिव्हॉल्व्हरमध्ये किती भरल्या होत्या, मी कशावर सही केली. शब्द कमी वापरले. तिने त्यातली एक पुंगळी उचलून उलटसुलट करून पाहिली. जुनी पुंगळी काळवंडली होती, हातातली नवी चकचकीत.

"चौकशीवाल्यांना नाही सांगितलंत?"

"नाही."

"आईला?"

"नाही."

मला वाटलं, आता थोबाडीत मारेल. बरं वाटलं असतं. मी साहेबांचा कागद पुढे ओढला. त्यात एक रकाना होता, 'जुन्या हत्यारातील दोष'. त्यात मी लिहिलं, 'काही नाही. दोष शिकवणाऱ्यात होता.' खाली माझं नाव आणि हुद्दा. कागद तिच्याकडे सरकवला. तिने वाचला, आणि बराच वेळ वाचतच राहिली. पाच शब्द वाचायला एवढा वेळ कशाला लागतो!

"मामा, यात माझं पण लिहा," ती म्हणाली.

"तुझं काय?"

"दादा घरी सराव करायचा. तुम्ही एकदा त्याला एका पुंगळीसाठी दिवसभर उन्हात गवत धुंडाळायला लावलं होतं, आठवतं? त्यानंतर रोज. कामावरून आला की सहा पेनांची टोपणं घ्यायचा. तळहात, खिसा. तळहात, खिसा. मी समोर घड्याळ घेऊन बसायचे. आधी नऊ सेकंद लागायचे." तिचा आवाज मोठा नव्हता, सरावाचा निकाल सांगावा तसा होता. "चार सेकंदांवर आणलं होतं आम्ही."

आम्ही म्हणाली ती. मी तिला म्हणालो, अगं तू शाळेत होतीस, तुला काय कळत होतं. ती म्हणाली, मला वेळ मोजायला कळत होतं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं, आणि मी अर्धं तिच्या डोक्यावर ठेवून मोकळा झालो होतो. अर्धं तरी कुठलं? माझ्याकडचं तेवढंच राहिलं, तिच्याकडे नवं तयार झालं. मी रडलो. लाज वाटली नाही.

तिने डोळे पुसले, मफ कानांवर चढवले आणि बाकावरचं पिस्तूल उचललं.

"सर, किती वेळा?"

"हात विसरेपर्यंत."

दुपारपर्यंत आम्ही तेवढंच केलं. पाच गोळ्या, बदल, पाच गोळ्या. पहिल्या तीन वेळा तिचा डावा हात खाली आला. चौथ्यांदा अर्ध्यावर थांबला. दहाव्या की अकराव्या खेपेला तो सरळ पट्ट्याकडे गेला. पुंगळ्या तिच्या बुटांवर पडत होत्या, एक तर गळपट्टीत शिरून मान भाजून गेली, पण तिने नजर खाली केली नाही. मी मागे उभा राहून "बघू नको, बघू नको" एवढंच म्हणत होतो. शेवटी मी गुडघ्यांवर बसून गवतातल्या पुंगळ्या वेचल्या. दोन सापडल्या नाहीत. कोठीदार म्हणाला, "काय मास्तर, तुमच्याकडून?" मी म्हणालो, "हो, माझ्याकडून. आणि यापुढे रोज कमी पडतील, कुणाकडे तक्रार करायची ती कर." अभिप्रायाचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब जागेवर नव्हते.

संध्याकाळी दोघं ताईकडे गेलो. दाराशी भाची म्हणाली, "तुम्हीच सांगायचं. मी बाजूला बसते."

ताईने चहा टाकला. लेकीच्या मानेवरचा लाल डाग बघितला, मलम आणलं, लावता लावता बडबडली. भिंतीवर भाच्याचा गणवेशातला फोटो होता, कंगव्याने केस बसवलेले. सहा पुंगळ्या माझ्या डाव्या खिशात होत्या. बसताना त्या मांडीला टोचल्या.

"मग?" ताईने कप माझ्यापुढे ठेवला. "आलं ना एकदाचं नवं? चांगलं आहे ना रे? पोरगी त्याच्या भरवशावर जाणार आहे."

"चांगलं आहे, ताई," मी म्हणालो. भाची माझ्याकडे बघत होती. मी खिशात हात घातला. "आधीचंही चांगलंच होतं."