आर्पिनेचा चेहरा

बुधवारी सकाळी कलादिग्दर्शक हॅस्केल रंगकामाच्या शेडमध्ये आला तो मॅविस ट्रेन्ट या नव्या नटीचा फोटो घेऊनच.

"आल्बिन, चेहरा तेवढा बदल. झगा, खुर्ची, पडदा, सगळं आहे तसं राहू दे. सोमवारपासून परत शूटिंग."

आल्बिन लिंडक्विस्ट वीस वर्षं हॉलिवूडच्या त्या स्टुडिओत सेटवरच्या तसबिरी रंगवत होता. गायब झालेल्या बायका, खून झालेल्या बायका. त्या तसबिरी सेटवरच्या शेकोटीच्या वर, भिंतीवर टांगायच्या आणि हीरोनं सिगारेट ओढत त्यांच्याकडे बघत राहायचं. ही तसबीर लॉर्ना वेल या नटीची होती. नऊ दिवस ती त्याच्यासमोर बसली होती. पिक्चर अर्धा झाला आणि तिनं झोपेच्या गोळ्या खाऊन जीव दिला. स्टुडिओनं पेपरात न्यूमोनियानं गेली असं छापून आणलं.

"नवीन कॅनव्हासवर करतो ना. चार दिवस दे."

"चार दिवस कुठले? परवा कॅमेरावाल्याला दिवे लावून बघायचंय. आणि मेलेल्या पोरीचं तोंड ठेवून काय करणार आहेस?"

नवा रंग धरावा म्हणून आल्बिननं जुन्या चेहऱ्यावरून सँडपेपर फिरवला. जमेल तेवढ्या हलक्या हातानं, पण फिरवला. संध्याकाळपर्यंत तसबिरीतून मॅविस हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काळ्या कोटातली एक ठेंगणी बाई दारात उभी राहिली. हातात बेदाण्यांचा पुडा.

"मी सातेनिक पालोयान. फ्रेझ्नोहून आलेय. आर्पिनेची आई." तो गोंधळलेला बघून ती म्हणाली, "तुम्ही लोक तिला लॉर्ना म्हणायचात."

आल्बिननं घाईघाईनं स्टूल पुसलं. "बसा, बाई."

"तिनं पत्रात लिहिलं होतं, एक म्हातारा माझं चित्र काढतोय आणि मला नाकसुद्धा खाजवू देत नाही. तो म्हातारा तुम्हीच ना? ते चित्र बघायला आले."

खोटं बोलायला जागाच नव्हती. तसबीर त्याच्या मागेच, चित्र टेकवायच्या लाकडी घोडीवर उभी होती. ती जवळ गेली, खालून वर बघत राहिली.

"हात तिचेच आहेत. खांदेही. आणि वर ही कोण बया?"

आल्बिननं सांगितलं. सगळं सांगितलं, सँडपेपरसुद्धा.

ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "वरचा रंग ओला आहे?"

"आहे. पण खाली फारसं काही उरलं नसेल, बाई."

"असेल तेवढं दाखवा. शवपेटीचं झाकण स्टुडिओवाल्यांनी मला उघडू दिलं नाही."

आल्बिननं फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं. मॅविसचे ओठ गेले, गाल गेले. खाली करडा कॅनव्हास आणि त्यावर एक भुवई, अर्धा डोळा, हनुवटीची कड. काळ्यापांढऱ्या फिल्मवर नीट उठून दिसावी म्हणून त्यानं कातडीला हिरवट छटा दिली होती. आता ती फारच वाईट दिसत होती.

बाईनं डोळ्यांवर हात घेतला.

"झाका तिला."

"बाई, मी हे कापून देतो तुम्हाला. घरी न्या. मी बघून घेईन हॅस्केलचं."

"असलं भिंतीवर लावू? तिच्या बापाला दाखवू? झाका म्हणते ना! त्या दुसरीचं तोंड लावा, पण झाका."

ती स्टुलावर बसून राहिली. आल्बिननं तिच्यासमोर मॅविसचा चेहरा पुन्हा रंगवला. शेवटचा करडा तुकडा झाकला गेला तेव्हा ती उठली, कोटाची बटणं लावली आणि पुडा टेबलावर ठेवून बसस्टँडकडे निघून गेली.

शुक्रवारी हॅस्केल येऊन तसबिरीसमोर उभा राहिला. "वा! पहिलीपेक्षा झकास."

आल्बिन त्यानंतर अकरा वर्षं त्याच शेडमध्ये काम करत होता. पण कुणालाही त्यानं पुन्हा समोर बसवलं नाही. फोटो द्या म्हणायचा, फोटोवरून करतो.