डावा डोळा मिट

माझ्या भावोजींना सगळे चॅम्पियन म्हणतात. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला पाडून घेतलंय. लग्नाआधी कधीतरी त्यांना एक पदक मिळालं होतं. ते त्यांच्या नेमबाजीच्या रेंजवर, दारासमोरच काचेच्या पेटीत ठेवलंय आणि पेटीत वरून दिवा सोडलाय. पदकाला दिवा आहे, बायकांच्या संडासात नाही.

रेंज म्हणजे एक लांबडा बंद हॉल. एका टोकाला नेम धरणारे, दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्यावर चिकटवलेली कागदी टार्गेटं. ती चिकटवायचं काम ताईचं. माझी बहीण म्हणजे मऊपणाची कमाल. नवरा ओरडला की ती मान खाली घालून गोंदाची बाटली उघडायची. मला तिची कीव यायची, आणि कीवेपेक्षा जास्त राग.

मी गोदामाच्या फाटकावर रक्षक होते, हातात काठी. पिस्तुलाची परीक्षा पास झाले की शस्त्रधारी रक्षक होणार होते आणि शस्त्रधारी रक्षकाला कंपनी राहायला खोली देते. पिस्तुलाचं मला काडीचं प्रेम नव्हतं. मला खोली हवी होती. भावोजींच्या घरात इस्त्रीच्या टेबलामागे गादी टाकून झोपण्याचा आणि सकाळी उठून "फुकट राहणाऱ्यांनी चहात साखर बेतानं घालावी" हे ऐकण्याचा मला वीट आला होता.

"डावा डोळा मिट!" हा चॅम्पियनचा पहिला धडा, आणि शेवटचाही. मी मिटला. टार्गेट धुरकट, गाल आखडलेला. गोळ्या वाट फुटेल तिकडे.

"भावोजी, डावा मिटला की मला नीट दिसतच नाही."

"मग भांडी घास," ते म्हणाले.

हे वाक्य ते नेम चुकलेल्या प्रत्येकाला ऐकवतात, पुरुषांनासुद्धा, आणि दर वेळी नवीन विनोद सुचल्यासारखे हसतात. शिकाऊ मंडळीही हसतात. लाचारीला काही मर्यादा?

खरं काय ते मला फाटकानं शिकवलं. फाटकाच्या पत्र्याला एक भोक आहे, कोणी आलं की त्यातून बघायचं. एका दुपारी लक्षात आलं, मी भोकाला नेहमी डावाच डोळा लावते. मुद्दाम उजवा लावून पाहिला तर मान अवघडली आणि समोरच्या ट्रकचा नंबरही धड वाचता येईना. हात उजवा, डोळा डावा. म्हणजे चॅम्पियनसाहेब माझा कामाचा डोळा मिटवून बिनकामाच्या डोळ्यानं नेम धरायला लावत होते.

मग मी घरी सराव सुरू केला. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीला पण खटका असतोच की. ती घेऊन न्हाणीघरात उभी राहायचे आणि भिंतीवरच्या एका फरशीवर फवारा मारायचे. मनगट वाकवून बाटली डाव्या डोळ्यासमोर आणली की खटका दाबताना फवारा बाजूला जायचा. मनगट सरळ ठेवून हनुवटी जराशी उजव्या खांद्याकडे वळवली की बरोबर लागायचा. हात डोळ्याकडे न्यायचा नाही, डोळा हाताकडे न्यायचा. उजव्या डोळ्याची लुडबुड नको म्हणून रेंजवरच्या चष्म्याच्या उजव्या काचेवर चिकटपट्टी लावली.

ताई दारात येऊन बघायची. "लागतंय का गं?"

"लागतंय."

"ह्यांना सांगू नकोस." जशी काही मी सांगणार होते!

पुढच्या वेळी रेंजवर माझ्या सगळ्या गोळ्या बोटाच्या पेराएवढ्या जागेत बसल्या. पण मधोमध नाही, उजवीकडे. भावोजींनी ते टार्गेट लाल पेनानं 'असे मारू नये' लिहून फलकावर लावलं.

"मेहुणीबाई, जरा डावीकडे धरत जा. उजवीकडे वारा ओढतो."

बंद हॉलमध्ये वारा! पंखासुद्धा बंद होता.

गोळ्या एकाच जागी बसत असतील तर हातात खोट नाही, एवढं मलाही कळत होतं. मग खोट पिस्तुलात. पिस्तुलावर नेम धरायला मागे जी खाच असते, तिला एक स्क्रू असतो. तो फिरवला की खाच सरकते आणि गोळी डावी-उजवीकडे जाते. सगळे स्क्रू भावोजींनी स्वतः पिळलेले, आणि भिंतीवर पाटी: 'स्क्रूला हात लावणाऱ्याची गय केली जाणार नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली. भावोजी उठले आणि दाराच्या भोकाला डोळा लावला. डावा.

मला हसू आवरेना. त्या दिवसापासून रेंजवर मी टार्गेट सोडून त्यांचं तोंड बघायला लागले. दुसऱ्यांना डावा मिटायला लावणारा हा माणूस स्वतः उजवा बारीक करून डाव्यानं बघत होता, तेही मनगट वाकडं करून. त्याच्या गोळ्या डावीकडे जायच्या, म्हणून त्यानं रेंजवरच्या एकूण एक पिस्तुलाचा स्क्रू उजवीकडे पिळला होता. स्वतःचा वाकडेपणा सगळ्यांच्या हातात द्यायचा आणि वर वाऱ्याला शिव्या घालायच्या. असल्या माणसाच्या घरात मी बेतानं साखर घालत होते.

परीक्षेला कंपनीनं परीक्षक पाठवला. कोरडा माणूस, चहासुद्धा नको म्हणाला. त्यानं एकेक पिस्तूल टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात आवळून गोळी झाडून पाहिली.

"सगळीच उजवीकडे मारतायत."

"मी स्वतःच्या हातानं लावलीत," भावोजी छाती काढून म्हणाले.

"तेच म्हणतोय," म्हणून परीक्षकानं स्क्रूड्रायव्हर काढला.

माझा जीव टांगणीला लागला. खोलीसाठी मी त्या दिवशी निमूटपणे डावीकडे धरायचं ठरवलं होतं. आता सरळ धरायचं होतं, आणि ह्या माणसानं स्क्रू जास्त फिरवला असेल तर माझी खोली गेलीच.

पण आधी चॅम्पियनचा मान. परीक्षेच्या पहिल्या गोळ्या तेच झाडतात. परीक्षक नको म्हणत होता.

"पोरांना कळू दे नेम कशाला म्हणतात," भावोजी म्हणाले.

पहिली गोळी काळ्या गोलाच्या डावीकडे. दुसरी आणखी डावीकडे. तिसरी कागदावर नव्हतीच, पुठ्ठ्यात होती.

"गोळ्या खराब आहेत." गोळ्या बदलल्या. "दिवा डोळ्यावर येतो." दिवा बंद केला. गोळ्या डावीकडेच.

परीक्षक त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "डावा डोळा उघडा आहे तुमचा. मिटा."

भावोजींनी मिटला. पिस्तूल उचललं, खाली घेतलं, परत उचललं.

"डावा मिटला की मला नीट दिसतच नाही," ते म्हणाले.

वाक्य माझं होतं, शब्दन् शब्द. उत्तर माझ्या जिभेवर आलंही होतं. पण माझ्याआधी मागून आवाज आला.

"मग भांडी घासा."

ताई होती. हातात गोंदाची बाटली, मान वर.

शिकाऊ मंडळी सवयीनं हसली, मग कोणाला हसलो ते कळून गप्प झाली. भावोजी पिस्तूल ठेवून बाहेर गेले आणि पदकाच्या पेटीपाशी उभे राहिले.

माझं नाव पुकारलं. ताई नवीन टार्गेट चिकटवून परत आली. येता येता माझ्यापाशी थांबली.

"त्या खोलीत दोन गाद्या मावतील का गं?"

"मावतील," मी म्हटलं. खोली मी पाहिलेलीसुद्धा नव्हती. मी हनुवटी उजवीकडे वळवली, दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि सगळ्या गोळ्या काळ्या गोलात घातल्या.